पऱ्याच्या अलीकडे

१२ जानेवारी २०२५

कुवेतच्या बंदरात टगवर होतो तेव्हा रोज लॉगबुक लिहायचो. वारा कुठला, भरती किती, कुठलं जहाज ओढून आणलं. घरी परत येऊन दीड वर्ष झालं, तरी सकाळचा चहा झाला की हात पेन शोधतो. म्हणून ही वही आणली. माझी बायको जन्नत म्हणाली, "हितं काय ओढताय तुमी, ते लिवून ठेवायला?"

आज लिहिण्यासारखं घडलं. सरपंच मालनताईंनी सदस्यांना बोलावलं होतं. जिल्ह्याच्या निधीतून या वर्षी आमच्या तिवरबंदरला एक काम मिळू शकतं. जुन्या वास्तूचं जतन म्हणा किंवा गावाची सोय म्हणा, दोन्ही चालेल, पण काम एकच आणि सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव व्हायला हवा. ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर चौकीच आली.

खाडीच्या तोंडाशी, धक्क्यावर, जांभ्या चिऱ्याची ती दोन खोल्यांची इमारत. शिडाची गलबतं होती त्या काळी माल तिथे नोंदवल्याशिवाय पुढे जात नसे. आमचे आजोबा नाखवा होते. गलबत लागलं की मला उचलून चौकीच्या खिडकीत बसवायचे आणि आत कारकुनाशी गप्पा मारायचे. आता कौलं अर्धी गेलीत, भिंतीत पिंपळ उगवलाय, आत शेरडं बसतात. आणखी चार पावसाळे, की नुसता चिऱ्यांचा ढीग.

मीच प्रस्ताव लिहितो म्हणालो. ग्रामसेवक दर्शन खूश झाला, त्याचं काम वाचलं.

१९ जानेवारी

सकाळी शरफू आला. शरफुद्दीन, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. ओट्यावर बसला, सुपारी कातरली आणि म्हणाला, "कमाल, तू सदस्य हायस. साकवाचं बघ ना या टायमाला."

आमचं कब्रस्तान पऱ्याच्या, डोंगरातून खाडीत येणाऱ्या ओढ्याच्या, पलीकडे. जुनी वस्ती तिकडे होती तेव्हा ठीक होतं. आता मोहल्ला सगळा अलीकडे, मयत तेवढी पलीकडे न्यायची. आठ महिने पऱ्यात घोटाभरही पाणी नसतं. पावसाळ्यात पोफळीचे सोट टाकून पूल करतात, तो वाहून जातो, परत करतात. पक्का साकव कधी बांधलाच नाही.

मी म्हटलं, "साकव कधीही होईल. चौकी पडली तर परत उभी राहणार नाही."

"ती पडल. पडू दे. तिच्यात कोन ऱ्हातंय?"

हे मला लागलं. मी म्हटलं, "तुझ्या माझ्या वाडवडलांचं आहे ते."

"वाडवडील पलीकडं हायत," शरफू म्हणाला. "माय आता अठ्ठ्याऐंशीची झाली."

चहा न घेता गेला. शरफूचं हे नेहमीचंच. मी गावात नसताना सगळं त्याच्या शब्दावर चालायचं, आता दुसरं कुणी बोललं की त्याला चालत नाही. जन्नतला तसं म्हटलं. ती मासे धूत राहिली.

२६ जानेवारी

ग्रामसभा. झेंडावंदनानंतर शाळेच्या पटांगणात. एवढी माणसं मी या गावात लग्नाशिवाय जमलेली पाहिली नव्हती.

आधी शरफूला बोलायला दिलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "पावसात मयत न्यायची तर साकव पायजे." झालं. खाली बसला. एवढ्याशा वाक्यासाठी टोपी काढून परत घातली.

मग मी. रात्रभर जागून लिहिलेला कागद खिशातच राहिला, तोंडातून आपोआप येत गेलं. गलबतं, मंगळुरी कौलं, मलबारचे नारळ, चौकीच्या दारातली ती झिजलेली पायरी. मी सांगितलं की उद्या पर्यटक येतील, वरच्या वाडीतल्या बायकांच्या घावण्यांना, कोकमाला गिऱ्हाईक मिळेल, मुंबईला गेलेल्यांतला एखादा परत येईल. लोक ऐकत होते. बोलताना समजतं ते.

कुणीतरी विचारलं, "आणि साकव?"

मी म्हटलं, "साकव लागतो वर्षातून एखाद वेळेला. आणि वळसा घालून सड्यावरून, वरच्या पठारावरून, पलीकडे उतरायला वाट आहेच की."

शरफूने मान वर केली. मला वाटलं बोलेल. नाही बोलला.

हात वर झाले. चौकीकडे एवढे, की दर्शनला दोनदा मोजावे लागले. वरच्या वाडीचा महिपत माझ्याकडे बघून हसत हात वर करून उभा होता. साकवाला सतरा, आणि त्यांतले बरेच शरफूच्याच घरातले.

घरी आल्यावर जन्नतने विचारलं, "सड्याची वाट तुमी शेवटची कवा उतरलात?"

शाळेत असताना, मी म्हटलं. करवंदांना जायचो.

२७ जानेवारी

शरफू रस्त्यात भेटला. सलाम केला, मीही केला. दोघं आपापल्या वाटेने.

१४ फेब्रुवारी

एस.टी.ने रत्नागिरीला. प्रस्ताव, ठराव, नकाशा, चौकीचे जुने फोटो, सगळं फाईलला लावून दिलं. तिथल्या साहेबांनी इतिहासाचं पान नीट वाचलं. म्हणाले, "असं लिहून कुणी आणत नाही हो. नुसतं 'वास्तू जीर्ण झाली आहे' एवढंच असतं." मला लाज वाटेल इतका आनंद झाला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची जहाजं ओढली. हे पहिलं काम माझ्या गावचं.

येताना बसस्टँडजवळ जन्नतसाठी चपला घेतल्या. तिला मोठ्या झाल्या.

२१ मार्च

मान्यता आली! दर्शनने फोटो काढून पाठवला, कागदावर गावाचं नाव.

रोजे चालू आहेत. संध्याकाळी इफ्तारीला हाजराचाचीकडे खजूर घेऊन गेलो. हाजराचाची म्हणजे शरफूची माय. शरफू घरी नव्हता, म्हणूनच गेलो, खरं लिहायचं तर. चाची खाटेवर, पण कान आणि जीभ शाबूत. चौकी दुरुस्त होणार म्हटल्यावर तिचे डोळे लुकलुकले. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती चौकीसमोर होडीतून उतरली होती. साडी भिजू नये म्हणून सासऱ्याने तिला उचलून पायरीवर ठेवलं. "सगळं बंदर बघत होतं रे. मी लाजेनं मेले," म्हणाली.

मग माझा हात धरून म्हणाली, "बघ, चौकीपास्नं मी गावात आले. जायची वाट तेवढी ऱ्हायली. ह्यांच्या बाजूला जागा हाय माजी. करवंदाची जाळी लावून ठेवलीय, कोनी घेऊ नये म्हनून."

मी म्हटलं, "चाची, अजून शंभर वर्षं आहेत." ती हसली. दात नसलेलं हसू. मला वाटतं, शरफूचा राग तिच्या मनात नाही. चौकीचं ऐकून ती मनापासून खूश झाली हे मी स्वतः पाहिलं.

१२ एप्रिल

काम सुरू. चिरेखाणीतून चिरा आला, रंग जुन्याशी जुळत नव्हता, परत पाठवला. कंत्राटदार म्हणाला, प्लास्टर मारलं की काय फरक पडतो? मी म्हटलं, प्लास्टर मारायचं नाही. दिवसभर तिथेच उभा असतो. ऊन डोक्यात जातंय. जन्नत डबा घेऊन येते आणि म्हणते, "टग बरा होता, घरी तरी यायचात."

२४ मे

पाऊस यायला अजून पंधरा दिवस आहेत म्हणून छप्पर पुरतं उतरवलं होतं. आज दुपारी अंधारून आलं आणि कोसळायला लागलं. नवा चुना ओला, भिंती उघड्या. कंत्राटदाराची माणसं लग्नाला गेलेली. मी एकटा ताडपत्रीशी झटत होतो, वारा ती हातातून ओढून नेत होता.

शरफू आला. पुतण्या अद्नानला आणि होडीवरच्या चौघांना घेऊन. शिडी लावली, भिंतीवर चढला, अद्नानला दोर फेकला. तासाभरात सगळी चौकी झाकली. पासष्ट वर्षांचा माणूस त्या पावसात भिंतीवर उभा राहून गाठी मारत होता.

उतरल्यावर मी म्हटलं, "शरफू, तू नसतास तर..."

"भिजलायस. घरी जा," म्हणाला.

पुन्हा आमचं जमलं असं वाटतं. बरं वाटलं.

३० जून

पोफळीच्या सोटांचा पूल वाहून गेला. दर वर्षी जातो.

२६ जुलै

काल लिहिलं नाही. जे झालं ते आज क्रमाने लिहितो.

परवा, गुरुवारी, दिवस मावळताना, मगरिबच्या वेळी हाजराचाची गेली. काही आजार नव्हता. पेज मागितली, दोन घोट घेतले, आणि संपलं. पाऊस तीन दिवस थांबलेला नव्हता. बायकांनी रात्रीत आंघोळ घालून गुसल दिलं, कफन झालं.

काल पहाटे फजरची नमाज झाल्यावर शरफू म्हणाला, "आता नेऊ." आम्ही पऱ्यावर बघायला गेलो. पाणी छातीला लागत होतं. ओढ होती, पण माणसं पुष्कळ होती आणि दोर होते. अद्नान म्हणाला, जमेल.

मी म्हटलं, थांबा. अमावस्येची उधाणं आहेत, भरती आता चढायला लागेल, मधेच अडकलो तर मयत हातातून जाईल. संध्याकाळी साडेपाचला पूर्ण ओहोटी आहे. पऱ्या खाडीला जिथे मिळतो तिथलं पाणी ओढलं गेलं की कमरेखाली येईल. तोवर राजापूरचे नातेवाईक पोचतील, शुक्रवार आहे, जुम्याच्या नमाजेला जमात मोठी असेल, नमाज सगळ्यांना मिळेल. मी जे सांगितलं ते तक्त्याप्रमाणे बरोबर होतं.

शरफू पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दर्याचं तुला जास्त कळतं."

थांबलो. जुम्यानंतर जनाज्याची नमाज झाली. राजापूरचे आले. पाऊस वाढला. चार वाजता आम्ही जनाजा खांद्यावर घेऊन पऱ्यावर उभे. ओहोटी लागली होती, खाडी खाली गेली होती, मला दिसत होतं. पण पऱ्या खाली गेला नाही. डोंगराचं पाणी लाल होऊन येत होतं, दगड गडगडत येत होते. भरतीचा तक्ता डोंगराला लागू नसतो.

साडेपाचला अद्नान कमरेला दोर बांधून उतरला. पाच-सहा पावलं गेला आणि एक ओंडका आला. दोराने ओढून काढला त्याला, गुडघ्याचं मांस लोंबत होतं. जनाजा आमच्या खांद्यावर होता. पावसाचं पाणी चादरीतून माझ्या मानेवर येत होतं.

कुणीतरी म्हणालं, सड्याची वाट. वरच्या वाडीचा महिपत बातमी ऐकून आला होता. तो म्हणाला, "सड्याची वाट गेली की दोन वर्षांमागं. दरड आली तवा. तिथं आता कडाच हाय."

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. त्यापेक्षा पाहिलं असतं तर चाललं असतं.

शरफूने पलीकडे बघितलं. कब्रस्तानाची भिंत दिसते तिथून, करवंदाची जाळीही दिसते. तो वळला आणि म्हणाला, "चला. माज्या कलमांत खोदा."

अलीकडच्या उतारावर त्याची आंब्याची कलमं आहेत. दोन हातांवर कातळ लागला. महिपतने वाडीतून पहारी आणल्या, आणखी चौघं आणले. मगरिबच्या आत कबर तयार झाली. आतलं पाणी पातेल्यांनी उपसत होते, तरी तळाला राहिलंच. शरफू स्वतः उतरला आणि तिला हातांवर घेऊन खाली ठेवलं.

मातीच्या तीन मुठी मीही टाकल्या. माती नव्हती, चिखल होता.

२७ जुलै

शरफूकडे गेलो. लोक होते. त्याने मला बसायला खुर्ची दिली, सगळ्यांना देत होता तशी. पाऊण तास बसलो. बोलायला तोंड उघडलं की दुसरा कुणी तरी येई. आला नसता तरी मी बोललो असतो का, माहीत नाही.

३० जुलै

महिपत बाजारात भेटला. त्याचे आभार मानले. तो म्हणाला, "आमी त्या दिवशी चौकीला हात वर केले, कमालभाय. तुमी म्हनालात वाट हाय. आमाला वाटलं, तुमी बघूनच बोलत असाल."

त्याने ते रागाने म्हटलं नाही. मासळीची पिशवी या हातातून त्या हातात घेत सहज म्हणाला.

सड्याच्या दरडीची बातमी त्या वेळी मोहल्ल्याच्या ग्रुपवर आली असणार. मी तेव्हा कुवेतमध्ये सामान बांधत होतो. ग्रामसभेत मी खोटं बोललो नाही. पण मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो. दोन्हींत फरक किती, याचा विचार करतोय.

१० ऑगस्ट

जन्नतने आज स्वतःहून विषय काढला. मी पाच दिवस धड जेवलो नाही म्हणून असेल.

म्हणाली, "शरफूभाईनं तुमाला कदी सांगितलं नाय ना, आईच्या टायमाचं?"

माझी आई २००९च्या जुलैत गेली. मी कुवेतमध्ये. सुट्टी मिळाली नाही. फोनवर मला सांगितलं होतं, सगळं व्यवस्थित झालं.

"व्यवस्थित कसलं," जन्नत म्हणाली. "पऱ्याला असंच पानी. शरफूभाईनं दोन झाडांना दोर बांधला. जनाजा डोक्यावर घेतला त्यांनी आनि त्यांच्या भावानं. पानी गळ्याला. मधे एकदा शरफूभाई दिसेनातच, नुसता जनाजा दिसत होता पान्यावर. आमी बायका काठावर वरडत होतो. पलीकडं गेल्यावर ते तास-दीड तास पानी वकत होते. मला म्हनाले, भाबी, कमालला सांगू नका. तो तिकडं एकटा हाय."

मी विचारलं, "जानेवारीत का नाही बोललीस?"

"तुमी विचारलंत कुठं? तुमी भाषन लिवत होता."

रागावलो तिच्यावर. भांडी आपटली. मग बाहेर जाऊन बसलो. शरफूलाही त्या दिवशी ग्रामसभेत हे सांगता आलं असतं. सगळ्या गावासमोर एवढं एकच वाक्य बोलला असता तर एकही हात माझ्या बाजूने वर झाला नसता. मीही केला नसता. टोपी काढून परत घातली त्याने, आणि नाही बोलला.

११ ऑगस्ट

त्या दिवशी सकाळी पाणी छातीला होतं. मीच थांबवलं. तक्ता बरोबर होता असं मी वर लिहून ठेवलंय. ते पान फाडावंसं वाटलं. लॉगबुकातलं पान फाडत नाहीत. राहू दे.

१८ सप्टेंबर

पाऊस कमी झाल्यावर पऱ्या ओलांडून गेलो. घोट्याच्या वर पाणी. चपला हातात घेऊन तीस-पस्तीस पावलांत पलीकडे. आईच्या कबरीवर गेलो, फातिहा पढलो. शेजारच्या ओळीत हाजराचाचीच्या नवऱ्याची कबर. बाजूला करवंदाची जाळी, चांगली वाढलेली, कुणी पाय ठेवू नये अशी. आत तेवढीच जागा मोकळी.

मौलाना म्हणाले, एकदा दफन झालेल्याला हलवायचं नसतं. मी विचारायला गेलो होतो. त्यांनी हळूच विचारलं, "शरफुद्दीनने पाठवलं का?" नाही म्हटलं. "मग तुम्ही त्याला विचारू नका," म्हणाले.

९ नोव्हेंबर

चौकीवर कौलं चढली. आतून चुन्याचा हात झाला. खिडक्यांना सागवान. मान्य करायला हवं, सुंदर झाली आहे. संध्याकाळी खाडीवरचा उजेड आत येतो तेव्हा चिरा आतून पेटल्यासारखा दिसतो. कंत्राटदारसुद्धा फोटो काढत होता.

दर्शनने विचारलं, पाटीवर 'नाखवा' म्हणून तुमच्या आजोबांचं नाव घालू ना? प्रस्तावाच्या पानावर तुम्ही लिहिलं होतंत.

मी तसं लिहिलं होतं हे विसरून गेलो होतो. काढून बघितलं. इतिहासाच्या एका पानात आजोबांचं नाव पाच वेळा. बंदरात नाखवे वीसेक होते.

नको म्हटलं, नुसती चौकी लिहा.

१४ डिसेंबर

उद्‌घाटन. मंडप, नारळ, रत्नागिरीहून साहेब. सनईवाला मिळाला नाही म्हणून स्पीकर. मालनताईंनी भाषणात माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. वरच्या वाडीतल्या बायकांनी घावणे आणि चटणीचा स्टॉल मांडला होता, सगळं संपलं. पुण्याचे दोन गाडीवाले खरंच आले. मी जे जे सांगितलं होतं ते ते होतंय.

शरफू आला होता. वाटलं नव्हतं. पांढरा सदरा घालून मागे उभा होता. लोक आत-बाहेर करत होते. गर्दी कमी झाल्यावर तो पुढे आला आणि दारातल्या झिजलेल्या पायरीजवळ खाली बसला. तळहात पायरीवर ठेवला, थोडा वेळ. मग उठून गेला.

मी त्याच्या मागे गेलो नाही. साहेबांना चहा द्यायचा होता. नाही, चहा दुसऱ्या कुणीही दिला असता.

२६ जानेवारी २०२६

ग्रामसभा. साकवाचा ठराव मी मांडला. कागद केला नव्हता. म्हणालो, मागच्या वर्षी मी इथे उभा राहून सड्यावरून वाट आहे असं सांगितलं. वाट नव्हती. मी बघितलं नव्हतं. हाजराचाचीला आपण पलीकडे नेऊ शकलो नाही, आणि त्या दिवशी सकाळी नेता आलं असतं तेव्हा थांबा म्हणणाराही मीच होतो.

एवढ्या लोकांसमोर बोललो म्हणजे हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

सगळे हात वर. अनुमोदन महिपतने दिलं. शरफू होता, त्यानेही हात वर केला, सगळ्यांसारखाच.

नंतर दर्शन म्हणाला, एका गावाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी मिळणं अवघड आहे. रांगेत लागेल. दोन वर्षं, कदाचित तीन.

५ फेब्रुवारी

इंजिनिअर येऊन मोजणी करून गेले. जागा चांगली आहे म्हणाले, दोन्ही बाजूंना कातळ, पाया पक्का बसेल. अडचण एकच. अलीकडे साकवावर चढायला जो रस्ता लागेल तो शरफूच्या कलमांतून जातो. तीन झाडं जातील. मालकाचं संमतीपत्र असल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकणार नाही.

दर्शन म्हणाला, तुम्ही त्यांचे मित्र, तुम्हीच जा.

७ फेब्रुवारी

तीन दिवस गेलो नाही. लिहायला काही नाही.

८ फेब्रुवारी

आज गेलो. सकाळी नऊची वेळ. शरफू कलमांतच होता. मोहोर चांगला आलाय, तुडतुड्यांसाठी फवारणी करून नुकताच हात धूत होता. कबरीभोवती त्याने चिऱ्याची एक रांग लावून घेतली आहे, गुडघ्याएवढी. आत गवत काढलेलं.

कागद दिला. काय आहे ते सांगितलं, कुठली तीन झाडं तेही दाखवलं. रस्ता कबरीपासून लांब आहे, तिला धक्का लागणार नाही, हेही सांगितलं. त्याने कागद वाचला. चष्मा नव्हता, लांब धरून वाचला.

"ह्यातलं एक माज्या बापानं बांधलेलं कलम हाय," म्हणाला. "बघ, ते वाकडं. धरतं चांगलं."

मी म्हटलं, "इंजिनिअरला सांगून रेषा थोडी सरकवता येते का बघतो."

"नको. सरकवाया गेलात तर आनिक दोन वर्षं जातील."

मी पेन दिलं. तो सही करायला वाकला, आणि मला राहवलं नाही. इतके महिने तोंडाशी येऊन अडकलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. आईचं, दोराचं, जन्नतने सांगितलेलं, सकाळच्या छातीभर पाण्याचं. मी म्हटलं, "शरफू, मला माफ कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो कबरीकडे बघत होता. मग म्हणाला, "तू मुद्दाम केलं नायस. मना म्हाईत हाय." पुढे माफ केलं असं म्हणाला नाही. मी वाट पाहिली.

"साकव झाला की तुला बरं," तो म्हणाला. "तुजी आई तिकडं हाय. भाबीला पन तिकडंच नेतील, तुला पन."

"आणि तुला," मी म्हटलं.

"मी नाय तिकडं. पोरांना सांगून ठेवलंय मी. मना हितंच ठेवा, मायच्या बाजूला. ती एकटी कशी ऱ्हाईल? आमचे सगळे पलीकडं, आनि ती हितं." त्याने चिऱ्यांच्या रांगेकडे हात केला. तेव्हा मला दिसलं, रांग एका कबरीची नाही. दोघांची जागा धरून लावलेली आहे.

मी विचारलं, "मग जमीन कशाला देतोस?"

"म्हंजे? लोकांना जायचं आसल ना."

झाडाच्या खोडावर कागद धरून त्याने सही केली, नीट, शाळेत करायचा तशी पूर्ण नावाची. पेन मला परत दिलं आणि पंप उचलून पुढच्या झाडाकडे गेला.

कागद दुपारी दर्शनकडे पोचवला.